प्रश्न ‘अ‍ॅस्पिरिन’चा नको, अंगदुखीच्या गोळीचा विचारा

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. राईस मिलमध्ये काम करणाऱ्या माणसाला तिशीनंतर दमा सुरू झाला, की आपण लगेच कोंड्याच्या धुळीकडे बोट दाखवतो. धूळ कारण असेलही. पण त्याचं नाक वर्षभर चोंदलेलं असेल, फोडणीचा वास येत नसेल, ‘नाकात मांस वाढलंय’ असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर आणखी एक शक्यता तपासायला हवी.

नाकातले पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरिन न सोसणं हे त्रिकूट फ्रान्समध्ये विदाल यांनी १९२२ मध्येच मांडलं होतं. नाव मात्र पडलं सॅमटर यांचं, १९६८ च्या लेखामुळे! अ‍ॅस्पिरिन कॉक्स-१ हे एन्झाइम अडवतं. मग दाह आवरणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ घटतं आणि श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्राइन्स वाढतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनेही हेच होतं. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नसल्यामुळे रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीत ती पकडता येत नाही.

निदानाला उशीर का होतो? तिन्ही गोष्टी एकदम येत नाहीत, मध्ये वर्षं जातात. नाकासाठी एक डॉक्टर, दम्यासाठी दुसरे, आणि गोळी थेट मेडिकलमधून. तोवर पॉलिपचं ऑपरेशन होतं, ते पुन्हा वाढतात, आणि एखाद्या गोळीने जिवावर बेतू शकतं.

प्रौढ दमेकऱ्यांत हे प्रमाण साधारण ७ टक्के मानलं जातं, तीव्र दम्यात त्याच्या दुप्पट. तुम्ही सर्वेक्षण करणार असाल तर ‘अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येईल. ‘अंगदुखीची गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत नाक वाहिलं, दम लागला का?’ असं विचारा. ‘नाही’ म्हणजे गोळी घेतली आणि काही झालं नाही, की कधी घेतलीच नाही? या दोन नोंदी वेगळ्या ठेवा. मॉन्टेलुकास्ट चालू असेल तर तेही लिहा, कारण त्याने प्रतिक्रिया दबू शकते.

संशय पक्का करायला अ‍ॅस्पिरिन थोडं थोडं वाढवत देतात आणि फुप्फुसाची क्षमता मोजत राहतात. हे फक्त दवाखान्यात, तज्ज्ञांसमोर. घरी करून पाहायची गोष्ट नाही ही.

पॅरासिटामॉल कमी मात्रेत बहुतेकांना चालतं. पण कॉम्बिफ्लामसारख्या गोळीत त्यासोबत आयबुप्रोफेनही असतं, त्यामुळे नुसतं तोंडी नाव लिहून न घेता गोळ्यांची पट्टीच बघायला मागा.