मान्सूनचा माग काढणारा ऑक्सिजन

पाऊस किती मिलिमीटर पडला ते पर्जन्यमापक सांगतो. तो कोणत्या समुद्रावरून आला, वाटेत कुठे कुठे बरसून आला, याची नोंद मात्र पाण्यातच, ऑक्सिजनच्या अणूंमध्ये असते. निसर्गातला ९९.७६ टक्के ऑक्सिजन १६ वस्तुमानांकाचा, तर ऑक्सिजन-१८ हा त्याचा जड समस्थानिक जेमतेम ०.२ टक्के. रासायनिक गुणधर्म जवळपास सारखेच, फरक वजनाचा. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी सुटतात. २५ अंश सेल्सिअसला पाणी आणि वाफ समतोलात असतील, तर वाफेतले ऑक्सिजन-१८चे प्रमाण हजारी सुमारे ९ ने कमी भरते. ढगात नेमके उलटे घडते. जड रेणू आधी थेंबात उतरतात आणि ढग जसजसा बरसत जातो तसतशी उरलेली वाफ हलकी होत जाते.

डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी १९५२ साली कोपनहेगनमध्ये बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे बसवून पावसाचे पाणी धरले आणि त्यातला हा फरक तपासला. १९६४ च्या त्यांच्या लेखाने या विषयाचा पाया घातला. उष्ण कटिबंधात ज्या महिन्यात पाऊस जास्त, त्या महिन्याचे पाणी हलके, हे त्यांनी दाखवले. याच दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी जगभर पावसाचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. त्यात मुंबई आणि दिल्ली ही केंद्रेही होती.

नमुना घेणे सोपे वाटते, पण तिथेच सगळे बिघडू शकते. भांडे उघडे राहिले की हलके रेणू उडून जातात आणि मागे उरलेले पाणी उगाच जड दिसते. म्हणून साठवणीच्या बाटलीत पॅराफिन तेलाचा थर ठेवतात, किंवा पाणी लगेच छोट्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावतात.

भारतात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने या कामाची परंपरा उभी केली. आपल्या मान्सूनला दोन समुद्र वाफ पुरवतात आणि दोघांची ओळख वेगळी. अरबी समुद्रात बाष्पीभवन जोरात, म्हणून वरचे पाणी जड. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी मिसळते, म्हणून तिथले पाणी हलके. मुंबईचा पावसाळी पाऊस समुद्राच्या मूल्याच्या जवळ राहतो. दिल्लीला पोहोचेपर्यंत वाफ कितीतरी ठिकाणी बरसलेली असते, त्यामुळे तिथला पाऊस बराच हलका.

इथपर्यंत चित्र सरळ आहे. गुंता होतो तो 'हलके पाणी म्हणजे जास्त पाऊस' हे समीकरण सगळीकडे लावू गेल्यावर. केरळमधल्या नमुन्यांवरून आर. रमेश आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की पाणी हलके होण्याचा संबंध स्थानिक पावसाच्या प्रमाणापेक्षा विस्तीर्ण प्रदेशावर संघटित झालेल्या ढगांशी अधिक आहे. मेघालयातल्या २०१० च्या अभ्यासातही स्थानिक पावसापेक्षा वाफेचा उगम आणि प्रवास निर्णायक ठरला.

हा वाद महत्त्वाचा आहे, कारण मान्सूनचा जुना इतिहास आपण याच खुणेवरून वाचतो. चुनखडीच्या गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातून लवणस्तंभ थरावर थर वाढतो आणि पावसाचा ऑक्सिजन त्या थरांत अडकतो. बारीक ड्रिलने थराथरातून भुकटी काढून ती तपासतात. वय ठरते युरेनियम-थोरियम पद्धतीने. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेच्या अशाच एका स्तंभावरून भूविज्ञानाने २०१८ साली ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला 'मेघालयन' नाव दिले.

महाराष्ट्राची बहुतेक जमीन बेसाल्टची; चुनखडीच्या गुहा आपल्याकडे फारशा नाहीत. तरी आपल्या इतिहासाचा एक धागा छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळच्या दंडक गुहेत सापडतो. तिथल्या स्तंभावरून आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली इ.स. ६०० ते १५०० चा मान्सून मांडला. चौदाव्या शतकात पाऊस दीर्घकाळ क्षीण झाल्याचे त्यात दिसते, आणि १३९६ च्या सुमारास सुरू झालेला, दख्खन ओसाड करणारा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच पडत्या काळातला आहे. बखरींनी आणि लोकस्मृतीने जपलेल्या आपत्तीला दगडाने दिलेली ही साक्ष आहे.

ही साक्ष मिलिमीटरमध्ये मोजायची घाई मात्र करू नये. ऑक्सिजन-१८ पावसाचा प्रवास सांगतो. त्यावरून प्रमाण काढायचे तर त्या त्या भागातला आजचा पाऊस रोजच्या रोज तपासलेला हवा. कोकण, घाटमाथा आणि पर्जन्यछायेतला देश एकाच वाऱ्याच्या वाटेवर असलेला महाराष्ट्र यासाठी फार मोलाचा आहे. विहिरीत झिरपलेले पाणी पावसाचे की कालव्याचे, हेही याच नोंदींवरून शोधता येते. नरसाळे, बाटली आणि नेम एवढीच सामग्री लागते. मोजणी प्रयोगशाळा करतील. आपल्या महाविद्यालयांच्या भूगोल आणि रसायन विभागांनी येत्या जूनपासून हे काम हाती घ्यावे, आणि काही झाले तरी मध्येच सोडू नये.