वल्हे एकाच्या हाती, दाखला दुसऱ्याच्या खिशात

नगर जिल्ह्याचे, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरचे, नाव निघाले की लोकांना दुष्काळ आठवतो, टँकर आठवतो, साखर कारखाना आठवतो. होडी कुणालाच आठवत नाही. वास्तविक अकोले तालुक्यात १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा धरण आहे. राहुरीजवळ २६ हजार दशलक्ष घनफूट पाणी साठवणारे मुळा धरण आहे. पैठणला जायकवाडीचा बांध पडल्यावर शेवगाव-नेवाशाच्या जमिनी ज्याच्या पोटात गेल्या, तो नाथसागर आहे. समुद्र सह्याद्रीपलीकडे, पण पाणी दारात. या पाण्यावर कोण वावरतो? भोई वावरतो, नदीकाठचा भिल्ल वावरतो, जमीन बुडाली म्हणून जाळे हाती धरलेला धरणग्रस्त वावरतो. त्याच्याजवळ नाव म्हणावी तर थर्माकोलचे तुकडे बांधून केलेला चप्पू, नाहीतर ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब.

शिडाची होडी शाळेत जाऊन शिकावी की पाण्यात उतरून अनुभवाने शिकावी, असा एक वाद होडीवाल्यांमध्ये जगभर चालतो. एक पक्ष म्हणतो, वर्गात बसून वारा कळत नाही. दुसरा म्हणतो, शिस्तीने शिकला नाही तो एक दिवस बुडतो. आम्हाला हा वाद आमच्या काठावरून पाहायचा आहे. कारण त्याच्या मुळाशी आमचा जुनाच प्रश्न आहे: ज्ञान कुणाचे मानायचे आणि दाखला कुणाला द्यायचा?

आधी अनुभवाचे माप नीट घेऊ. धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला वैशाखातले आभाळ वाचता येते. दुपारनंतर वळवाचे ढग कुठून चढतात, वारा फिरण्याआधी पाण्याचा रंग कसा काळवंडतो, हे तो सांगू शकतो. पाणी उतरले की बुडीत गावाच्या भिंती, झाडांची खोडे, जुन्या विहिरी कुठे जाळे फाडतील, हे त्याला पाठ असते. लाट आडवी घेतली की चप्पू पलटतो, ती समोरून घ्यावी आणि आपण मध्यावर खाली बसावे, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. हे सारे कुठल्याही पुस्तकात नाही. हे ज्ञान नाही असे म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

आणि शाळा काय शिकवते? शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी न्यावी लागते. पोराला हे समजायला वर्षे जातील ते शिक्षक फळ्यावर काही मिनिटांत दाखवतो. पण शाळेचा खरा धडा दुसराच आहे. चांगल्या शाळेत सुरुवातीच्या दिवसांतच बोट मुद्दाम उलटवतात आणि मुलाला ती सरळ करायला लावतात. अंगावर लाइफ जॅकेट असते, शेजारी बचावाची मोटारबोट असते. बुडण्याचा धडा अनुभवातून घ्यायचा म्हटले तर तो पुष्कळांना एकदाच घेता येतो!

मे २०२४ चा एक आठवडा आठवा. २१ तारखेला उजनीच्या पाण्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती रोजची वाट होती, ओळखीचे पाणी होते. दोनच दिवसांनी आपल्या अकोले तालुक्यात सुगाव येथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन प्रशिक्षित जवान मृत्युमुखी पडले. या मृतांच्या नावाने कुणाचा पक्ष खरा आणि कुणाचा खोटा हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही, तसे करणे हलकटपणाचे होईल. एवढेच दिसते की पाणी ना दाखला पाहते, ना पिढीजात ओळख.

म्हणून 'अनुभव हीच खरी शाळा' हे गोड वाक्य कानावर आले की आम्ही सावध होतो. बोलणारा कोण, हे आधी पाहतो. बहुधा ज्याच्या मुलाचे नाव क्लबात घातलेले असते तोच भोयाच्या पोराला अनुभवाचे मोठेपण सांगत असतो. अनुभव तर आमच्या वाट्याला हजारो वर्षे आलाच! चामड्याचा आला, मातीचा आला, पाण्याचा आला. आला नाही तो कागद. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. होडीपुरते पाहा: वल्हे मारणारा एकीकडे, नकाशा वाचणारा दुसरीकडे, आणि दोघांच्या मध्ये भिंत. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना जॉन ड्युईसारखे शिक्षक लाभले. अनुभवातून शिक्षण हाच ड्युईंचा सारा आग्रह. पण त्या शिक्षकाच्या या विद्यार्थ्याने पदव्या मात्र एकही सोडली नाही. पीएच.डी. घेतली, डी.एस्सी. घेतली, बॅरिस्टरी घेतली. अस्पृश्याचे नुसते शहाणपण या देशात कुणी ऐकून घेत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आज पाण्यावरही कागद आला आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यांत्रिक बोटीची नोंदणी हवी, चालवणाऱ्याकडे सक्षमतेचा दाखला हवा. हे योग्यच आहे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण उद्या धरणावर पर्यटनाच्या बोटींचा ठेका निघेल तेव्हा दाखला घेऊन कोण येईल आणि त्याच्या हाताखाली रोजंदारीवर वल्हे कोण मारील, हे सांगायला ज्योतिषी नको.

कोकण किनाऱ्यावर मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रे आहेत. मच्छीमार तरुणांना तिथे सहा महिने नौकानयन आणि इंजिनाची देखभाल शिकवतात. त्यांच्या अटी पाहण्यासारख्या आहेत: शिक्षण चौथी पास पुरे, पण पोहता आले पाहिजे आणि मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव पाहिजे. म्हणजे इथे अनुभव ही प्रवेशाची पात्रता आहे, शिक्षणाला पर्याय नाही. आम्हाला हा मार्ग पटतो. पण तो किनाऱ्यावरच का थांबावा?

समुद्र नसल्याची सबब कुणी सांगू नये. मध्य प्रदेशाला तरी कुठे समुद्र आहे? भोपाळच्या मोठ्या तलावावर तिथल्या सरकारने सेलिंगचे प्रशिक्षण सुरू केले. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथे शिकली आणि २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई खेळांत रौप्यपदक घेऊन आली. एकट्याने शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे यांची २००९-१० ची सफर आपण अभिमानाने सांगतो. त्यांची 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. पण त्यामागे अख्खे नौदल उभे होते, हेही सांगितले पाहिजे. समुद्राचा अनुभव घ्यायलाही कुणाची तरी तिजोरी लागते.

आणि नाथसागराच्या पलीकडच्या अंगाला, गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुले? ती थर्माकोलवर बसून, फळीच्या वल्ह्याने पाणी कापत शाळेला जातात, ही बातमी २०२३ साली देशभर छापून आली. पाण्यातले साप हाकलायला हातात काठी. इथे शाळा होडी शिकवत नाही, शाळेत पोहोचण्यासाठी होडी शिकावी लागते. त्यांचे कौतुक झाले, फोटो छापले गेले. कौतुकाआधी त्यांना पूल आणि लाइफ जॅकेट मिळायला हवे होते.

मुळेवर किंवा नाथसागरावर नौकानयनाचा सरकारी वर्ग निघालाच पाहिजे, आणि त्यात पहिल्या जागा काठावरच्या भोई, भिल्ल आणि धरणग्रस्त मुलांच्या असल्या पाहिजेत. त्या वर्गात वारा आणि बुडीत गावाचा तळ शिकवायला चप्पूवाला म्हातारा बोलवावा. त्याला पाहुण्याची शाल आणि नारळ नको, शिक्षकाच्या हजेरीपटावर नाव आणि इतरांइतकाच पगार हवा. दुपारी तोच म्हातारा लाइफ जॅकेट घालून उलटलेली बोट सरळ करायला शिकेल. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत बंगल्यांच्या रंगरंगोटीला पैसे निघतात. वीस बोटी, साठ जॅकेटे आणि एका मोटारबोटीला ते निघत नाहीत, हे आम्हाला कुणीतरी आकडे मांडून पटवून द्यावे.