भातकापणीत फुरसे आणि विंचूदंश : शेतात काय सांभाळावे, दंश झाल्यास काय करावे

रत्नागिरी जिल्ह्यात हळव्या भाताची कापणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागते आणि गरवे भात दिवाळीच्या आगेमागे खळ्यावर येते. याच दीड महिन्यात आंबा बागेतले गवत काढायचे असते, माडा-पोफळीची आळी साफ करायची असतात, गडगे नीट करायचे असतात. म्हणजे वर्षातले सर्वात जास्त तास आपले हात आणि पाय गवतात, दगडांत आणि पेंढ्यात असतात. पाऊस उघडल्यावर फुरसे आणि विंचूही याच जागी असतात. पीक सल्ल्यात आपण तुडतुडे आणि करप्याबद्दल नेहमी लिहितो, आज कापणाऱ्या माणसाबद्दल लिहीत आहे.

फुरसे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. जांभ्याचा कातळ, त्यावरचे विरळ गवत आणि दगडांच्या फटी ही त्याची आवडती जागा, आणि रत्नागिरीत कातळाला तोटा नाही. इंग्रजांच्या काळात येथे फुरसे मारण्यासाठी सरकारी बक्षीस होते. १८६२ च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवल्यावर अवघ्या काही दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली, अशी नोंद आहे. तरीही फुरसे आज आहेच. त्यामुळे 'दिसले की मारा' हा उपाय नाही, हे या जिल्ह्याने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. मारायला जाताना दंश होतो, हेही लक्षात ठेवा.

ओळख

हा साप लहान असतो, साधारण एक ते दीड फूट. रंग तपकिरी, मातीत मिसळणारा. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण, अंगावर खरखरीत खवले. डिवचल्यास वेटोळे करून खवले एकमेकांवर घासतो आणि करवत चालवल्यासारखा आवाज येतो. लहान दिसतो म्हणून लोक त्याला कमी लेखतात. धामण माणसाची चाहूल लागली की पळते, फुरसे बहुधा पळत नाही, जागीच वेटोळे करून राहते. त्यामुळे नुसता पाय आपटत किंवा बोलत गेल्याने ते बाजूला होईल या भरवशावर राहू नये. डोळ्यांनी पाहूनच हात घालावा.

कापणीची पद्धत

येथे एक अडचण आहे आणि ती आमच्याच शिफारशीतून येते. खोडकिडीच्या अळ्या भाताच्या बुडख्यात सुप्तावस्थेत राहतात, म्हणून वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी करावी असे आम्ही सांगतो. शिफारस बरोबर आहे, ती बदलण्याचे कारण नाही. पण जमिनीलगत विळा जायला हवा, डावा हात नव्हे. बरेच जण चूड बुडाशी मुठीत धरतात आणि त्याच्या खाली विळा घालतात. चूड मध्यावर, गुडघ्याच्या उंचीला धरून थोडी आपल्याकडे वाकवली तर बूड उघडे पडते, खाली काय आहे ते दिसते आणि विळा तेवढाच खाली बसतो. सुरुवातीला काम किंचित सावकाश होते, अर्ध्या दिवसात सवय होते. डाव्या हातात जाड कातडी किंवा रबरी हातमोजा असावा. उजव्या हाताला नसला तरी चालेल, विळ्याची पकड सुटण्यापेक्षा ते बरे.

कापणीआधी आठ-दहा दिवस खाचरातले पाणी काढले की जमीन सुकते, उंदीर आत येतात आणि त्यांच्यामागे साप. या आठवड्यात बांधावरचे गवत भर दिवसा, लांब दांड्याच्या कोयत्याने काढून घ्यावे. कापणीच्या दिवशी माणसे बांधावरूनच आत उतरतात, म्हणून तो आधी साफ हवा. आडवे पडलेले भात सर्वात धोक्याचे. ते थेट हाताने उचलू नये, काठीने उलटून मग कापावे.

कापलेल्या आव्या सुकण्यासाठी रात्रभर शेतात राहतात. सकाळी त्या गोळा करताना खाली फुरसे किंवा विंचू असण्याची शक्यता मोठी असते. पेंढी आधी विळ्याच्या टोकाने किंवा काठीने पालथी करावी, मग भारा बांधावा. भारा डोक्यावर घेण्यापूर्वी जमिनीवर आपटावा. उडवी घराच्या पडवीला टेकून रचू नये. उंदीर तेथे जमतात आणि बाकीचे ओघाने येते.

पायात गमबूट हवेत. फुरशाचे विषदंत लहान असतात, साधा जाड रबरी बूटही पाऊल आणि घोटा वाचवतो. चिखलात बूट रुततात ही तक्रार लावणीच्या वेळी खरी आहे, कापणीला खाचर कोरडे असते. बूट रात्री उभे न ठेवता उलटे टांगावेत आणि सकाळी झटकून घालावेत, कारण विंचवाला बुटातली जागा आवडते. रानडुकरांच्या राखणीला जाणाऱ्यांनी बॅटरी पायापुढे धरूनच चालावे. मांगरात जमिनीवर झोपू नये. खाट नसेल तर फळ्यांचा माचा करावा आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी. हे मण्यारीसाठी. ती झोपेत चावते आणि दंशाची खूणही कधी कधी दिसत नाही.

दंश झाला तर

फुरशाचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. नाग किंवा मण्यार चावल्यास काही तासांत श्वास अडकू शकतो, तसे येथे होत नाही. पाय सुजतो, दुखतो, माणूस चालत-बोलत असतो आणि घरचे म्हणतात, 'काय नाय, उतरेल.' दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते, मूत्रपिंडावर परिणाम होतो, कधी मेंदूत रक्तस्राव होतो. या सापाच्या दंशात जीव जातो तो बहुतेक वेळा या गेलेल्या दिवसामुळे.

म्हणून दंशानंतर थेट रुग्णालय. दोरी आवळू नये, ब्लेडने कापू नये, जखम चोखू नये. फुरशाच्या दंशात कापलेली जागा वाहतच राहते. मिरची किंवा कडुनिंबाचा पाला चघळायला देऊन 'चव लागते का' पाहण्यात वेळ घालवू नये. जोडवी, पैंजण, बांगड्या, अंगठ्या लगेच काढाव्यात, सूज आली की त्या निघत नाहीत. पाय किंवा हात फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. वाडीत गाडी पोचत नसेल तर खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत आणावे. दुचाकीवर न्यायचे झाल्यास मागे एकाने धरून बसावे. साप पकडून नेण्याची गरज नाही. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर तसेच निघावे.

रुग्णालयात काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर फुरसे किंवा घोणस यांचे विष चढले आहे असे समजतात आणि सर्पविषप्रतिबंधक लस सुरू करतात. पहिली तपासणी ठीक आली तरी ती पुन्हा पुन्हा करावी लागते, म्हणून किमान चोवीस तास दाखल राहावे. 'बरे वाटते' म्हणून सही देऊन घरी येऊ नये. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आहे का, हे कापणीपूर्वीच विचारून ठेवा. पुढच्या उपचारासाठी रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय आणि दापोली, कळंबणी, कामथे येथील उपजिल्हा रुग्णालये आहेत.

ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आहे. बागेत झाडावर दिसणाऱ्या चापड्यावर ती लागू पडत नाही, तरी दंश झाल्यास रुग्णालयात जावेच. त्या दंशावर वेगळे उपचार करावे लागतात.

लाल विंचू

मोठ्या काळ्या विंचवाची भीती जास्त वाटते, पण धोकादायक आहे तो लहान लाल विंचू. त्याच्या दंशानंतर नुसत्या वेदना असतील तर चिंता कमी. पण उलटी, दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणे, हातपाय गार पडणे यांतले काहीही दिसले तर विष हृदयावर चालले आहे असे समजावे. मुलांमध्ये हे फार वेगाने होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात येथल्याच कोकणी रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध वापरून दाखवले. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी बरेच दगावत, नंतर मृत्यूचे प्रमाण खूप खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध जितके लवकर पोटात जाईल तितके चांगले, पण मात्रा वजनावर ठरते आणि रक्तदाब पाहावा लागतो, म्हणून ते डॉक्टरांच्याच हातून घ्यावे.

मजूर आणि मदत

आपल्याकडे कापणीला कातकरी कुटुंबे येतात, बागेत नेपाळी राखणदार असतात. बूट आणि हातमोजे त्यांना मालकाने द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फवारणी पंपाची किंमत आपण खर्चात धरतो, तशी यांचीही धरावी. कारण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश येतात, मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, पण लाभ सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला आहे. वयाची अट १० ते ७५ वर्षे. दुसऱ्याच्या शेतात कापणी करणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही.

ज्यांना ही योजना लागू होते त्यांनी रुग्णालयात दाखल झाल्याची कागदपत्रे, मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल आणि सातबारा जपून ठेवावा. प्रस्ताव घटनेपासून तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. दंश झालेल्याला घरीच ठेवले असेल तर यांतला एकही कागद तयार होत नाही आणि प्रस्ताव तेथेच अडतो.