वीस अँपिअरची रेघ

माझ्या टेबलाखाली चौदा किलोंची एक लोखंडी पेटी आहे. तिच्या मागून जाड वायर भिंतीतल्या सॉकेटकडे जाते आणि पुढच्या दोन पितळी टर्मिनलांवर 13.8 व्होल्टचा एकदिश दाब मिळतो. वीस अँपिअर मागितले तरी तो दाब हलत नाही. एवढंच तिचं काम. बाजारात याच कामाची, दीड-दोन किलोंची, हलकी पेटी तयार मिळते. तरीही ही पेटी मी तीनदा बांधली, आणि पहिल्या खेपेला दुसऱ्याच्या मालकीची एक मौल्यवान वस्तू जाळली. त्या जळण्याचं कारण शोधता शोधता मी जे शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी विजेचा पदवीधर नाही. सांगलीत एका पतसंस्थेत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा, नाद केला. त्या नादातले माझे गुरू शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे शंभर वॅटचा एक जपानी सेट होता. असे सेट मोटारीत बसवता यावेत म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. गाडी सुरू असताना बॅटरीचा दाब 13.8 च्या आसपास असतो, म्हणून तो आकडा. ऐकताना सेट एखादा अँपिअर घेतो, पण बोलण्याचं बटण दाबलं की एकदम वीसच्या घरात जातो. सरांची बॅटरी म्हातारी झाली होती. 1998 च्या पावसाळ्यात मी म्हणालो, “सर, सप्लाय मी बांधून देतो.” सर म्हणाले, “बांध. घाई करू नकोस.”

मी घाई केली.

आराखडा जुनाच होता. घरातली 230 व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरने 18 व्होल्टवर आणायची, चार डायोडांनी एकाच दिशेला वळवायची, मोठ्या कपॅसिटरांत साठवायची आणि मग ट्रान्सिस्टरांच्या नळातून मोजून बाहेर सोडायची. नळ किती उघडायचा, ते 723 नावाची चिमुकली चिप ठरवते. बॉब विडलार या अवलियाने फेअरचाइल्ड कंपनीत असताना साठच्या दशकात ती रचली आणि ती अजूनही बाजारात मिळते. नळाचं काम 2एन3055 या ट्रान्सिस्टरचं. तोही साठच्याच दशकातला, आरसीए कंपनीचा, खेकड्याच्या पाठीसारखा धातूचा डबा. माहितीपत्रकात त्याची क्षमता 15 अँपिअर लिहिलेली असते. मी हिशेब केला : वीस अँपिअरला दोन पुरेत, तीन लावले म्हणजे चैन. तिन्ही एकमेकांना सरळ समांतर जोडले.

सरांच्या घरी तो सप्लाय अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी सर बोलत असताना सेटमधून धूर आला.

मी पोचलो तेव्हा सरांनी खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. काकूंनी चहा आणला. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “क्रोबार लावला नव्हतास?” मला तो शब्दच माहीत नव्हता.

घरी येऊन पेटी उघडली. तीनपैकी एक ट्रान्सिस्टर आतून जोडला गेला होता, म्हणजे नळ कायमचा उघडा. कपॅसिटरांवरचे 23 व्होल्ट थेट सेटमध्ये गेले होते. दुरुस्तीला आठ महिने गेले. पैसे मी हप्त्यांनी दिले आणि सरांनी ते निमूटपणे घेतले. त्यांनी ते नाकारले असते, तर मला जास्त त्रास झाला असता.

आता कारण. ट्रान्सिस्टर गरम झाला की तेवढ्याच इशाऱ्यावर जास्त प्रवाह सोडू लागतो. दर अंशाला त्याच्या बेसवर लागणारा दाब सुमारे दोन मिलिव्होल्टने कमी होतो. तीन जुळे ट्रान्सिस्टर शेजारी ठेवले आणि त्यांतला एक जरासा जास्त तापला, की तो इतरांचा वाटा ओढतो. त्याने अधिक तापतो आणि अधिक ओढतो. पंधरा अँपिअरचा आकडाही फसवा होता. दहा अँपिअरला या ट्रान्सिस्टरची प्रवाह वाढवण्याची ताकद पाचपटीपर्यंत घसरू शकते, हे त्याच माहितीपत्रकात पुढच्या ओळीत असतं. मी पुढची ओळ वाचली नव्हती.

उपाय बारा आण्यांचा. प्रत्येक ट्रान्सिस्टरच्या वाटेत 0.1 ओहमचा एकेक रोध घालायचा. चार अँपिअरला त्यावर 0.4 व्होल्ट पडतात. एखाद्याने जास्त प्रवाह ओढला की त्याच्या रोधावरचा दाब वाढतो आणि त्याचा स्वतःचाच हात आखडतो. आता माझ्या पेटीत पाच ट्रान्सिस्टर आहेत, प्रत्येकी चार अँपिअरचे, आणि त्यांना हुकूम देणारा सहावा. (जळालेला ट्रान्सिस्टर मी करवतीने कापून पाहिला. डब्याच्या मानाने आतला सिलिकॉनचा तुकडा फारच लहान निघाला. नकली माल होता, पण अस्सल असता तरी माझी जोडणी त्याला वाचवू शकली नसती.)

दुसऱ्या पेटीत मी क्रोबार घातला. क्रोबार म्हणजे आपली पहार. बाहेरचा दाब पंधरा व्होल्टच्या वर गेला की एक थायरिस्टर पेटतो आणि टर्मिनलांवर पहार आडवी टाकावी तसा दोन्ही टोकं जोडून टाकतो. फ्यूज उडतो, सेट वाचतो. मात्र सेटला ती पेटी लावायचं धाडस मला झालं नाही, कारण आवाजात घरघर होती. सेकंदाला शंभर ठोक्यांची ती घरघर घालवण्यासाठी मी कपॅसिटर वाढवत गेलो. ट्रान्सफॉर्मरही नवीन गुंडाळून घेतला. आमच्याकडे शेतीपंपांमुळे मोटर रिवायंडिंगची दुकानं पुष्कळ, त्यांतल्या एका कारागिराने तो गुंडाळला. मी वीस अँपिअर सांगितले, तर तो हसून म्हणाला, “साहेब, डीसीचे वीस म्हणजे माझे तीस-पस्तीस.” त्याचं बरोबर होतं. कपॅसिटर भरतो तो सलग धारेने नव्हे, क्षणभराच्या साठ-सत्तर अँपिअरच्या हिसक्यांनी, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. हा नियम 1841 मध्ये जूलने प्रसिद्ध केला. मँचेस्टरजवळच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला हा माणूस, विद्यापीठाच्या पदवीशिवाय घरच्या प्रयोगशाळेत काम करणारा. त्याच्याविषयी मला विशेष जिव्हाळा आहे, हे कबूल करतो.

ट्रान्सफॉर्मर बदलला, घरघर तशीच राहिली. कपॅसिटर साठ हजार मायक्रोफॅरडवर नेले, तरी तशीच. आकृती पुन्हा पुन्हा तपासली. ती निर्दोष होती. अखेर चूक सापडली ती आकृतीत दिसूच न शकणाऱ्या जागी.

आकृतीत दोन भागांना जोडणारी रेघ म्हणजे तार. रेघेला लांबी असते पण रोध नसतो, असं आपण शाळेपासून मानत आलो. रेघेवरची सगळी ठिकाणं म्हणजे एकच ठिकाण. ट्रान्झिस्टर रेडिओ बांधेपर्यंत हे खोटं पकडलं जात नाही. पण अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला दर मीटरला सुमारे सात मिलिओहम रोध असतो. जायला एक मीटर, यायला एक मीटर आणि प्रवाह वीस अँपिअर : पाव व्होल्टहून जास्त दाब तारेतच संपतो आणि साडेपाच वॅट उष्णता तारेत मुरते. माझ्या पेटीत 723 चिपची जमिनीची तार मी एका जाड तारेवर जोडली होती, कपॅसिटर आणि डायोडांच्या मधोमध. सत्तर अँपिअरचे हिसके नेमके त्याच तुकड्यातून जात होते. त्या चार बोटं तांब्यावर प्रत्येक हिसक्याला काही मिलिव्होल्ट उठत. चिप त्यांनाच ‘शून्य’ समजायची आणि तेवढे बाहेर ओतायची. मी ती तार सोडवून चार बोटं पलीकडे, बाहेरच्या टर्मिनलापाशी लावली. घरघर थांबली. सात महिने शोधलेला दोष काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

हे दुखणं जुनं आहे. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर काम करणाऱ्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, 1857 मध्ये दाखवून दिलं होतं की बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या तारांची वाहकता सारखी नसते. इतका कमी रोध मोजायला गेलं तर मोजण्याच्या तारांचा आणि सांध्यांचाच रोध आड येतो. त्यावर 1861 मध्ये त्याने जो सेतू रचला त्याची युक्ती अशी : प्रवाह नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि दाब पाहणाऱ्या वेगळ्या. पाहणाऱ्या तारांतून प्रवाह जवळपास वाहतच नाही, म्हणून त्यांचा रोध आड येत नाही.

हीच युक्ती घरात करता येते. साध्या मल्टिमीटरला एक मिलिओहम दिसत नाही. मी मोटारीचे 55 वॅटचे चार हेडलाइट बल्ब समांतर जोडून सप्लायला लावतो. मिळून साधारण वीस अँपिअर होतात, आणि खोली उजळते. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोकं एकेका सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकवायची. वीस मिलिव्होल्ट दिसले तर सांधा एक मिलिओहमचा. शंभर दिसले तर तिथे दोन वॅटची शेगडी आहे आणि कधीतरी ती प्लॅस्टिक वितळवणार. पहिल्यांदा असं मोजलं तेव्हा सर्वांत वाईट निघाला तो मी सर्वांत प्रेमाने सोल्डर केलेला, चकचकीत सांधा. वर चमक होती, आत लग नुसता टेकलेला होता.

कोणी बांधायला घेणार असेल तर दोन धोके सांगून ठेवतो. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची 230 व्होल्टची बाजू जीव घेते, तिथे शहाणपणा नको, झाकण हवं. पलीकडची बाजू झटका देत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. तिथे हातातली अंगठी दोन टोकांत सापडली तर ती क्षणात लाल होते. माझ्या अनामिकेवर फिकट वण आहे. बंद केलेल्या पेटीतले कपॅसिटरही पान्यावर ठिणगी उडवण्याइतके भरलेले असतात. म्हणून त्यांच्यावर एक रोध कायमचा लावून ठेवावा आणि त्यांना सावकाश रिकामं होऊ द्यावं.

तिसरी पेटी सर्व नव्याने बांधली. पंख्यासमोर मोठा ॲल्युमिनियमचा हीटसिंक, कारण पूर्ण प्रवाहाला सव्वाशे वॅट नुसती उष्णता निघते, आणि ट्रान्सिस्टरखाली अभ्रकाच्या चकत्या. हलक्या स्विचिंग सप्लायला एवढी उधळपट्टी लागत नाही, पण त्यांतले काही रेडिओत खरखर पेरतात आणि बिघडले तर टेबलावर उघडून समजत नाहीत. ही पेटी समजते. गावात संध्याकाळी दाब 190 वर उतरला की मात्र ती गुरगुरते. तिथे माझा इलाज चालत नाही.

ती घेऊन सरांकडे गेलो तेव्हा सेट दुरुस्त होऊन टेबलावर परतला होता. मी म्हणालो, “सर, आधी बल्बांवर चालवून दाखवतो.” त्यांनी चार बल्ब तासभर जळू दिले, दर दहा मिनिटांनी सांध्यांवर बोट ठेवून पाहिलं, मग स्वतःच्या हाताने सेटची वायर टर्मिनलांत आवळली. पुढची अकरा वर्षं, ते होते तोवर, सेट त्याच पेटीवर चालला. नंतर काकूंनी दोन्ही वस्तू माझ्याकडे पाठवल्या.

तांबं तापतं, निवतं, स्क्रू हळूहळू ढिले पडतात. म्हणून दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी पेटी उघडतो, चार बल्ब लावतो आणि सगळे सांधे मोजून वहीत आकडे लिहितो. या वर्षी उजवीकडच्या टर्मिनलावर अडतीस मिलिव्होल्ट निघाले. पाव आटा आवळल्यावर अकरा झाले.