दुखण्याची रात्रपाळी

फायब्रोमायल्जिया हा सर्वांगाला व्यापणाऱ्या आणि महिनोन्‌महिने न हटणाऱ्या दुखण्याचा आजार आहे. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, कधी कुठे तर कधी कुठे ठणका लागतो. जोडीला थकवा असतो, डोके चालेनासे होते आणि आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी अंगावरून रोलर फिरल्यासारखे वाटते. सांधे सुजलेले नसतात, एक्स-रे स्वच्छ येतो, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असतात. त्यामुळे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य रुग्णाला, बहुधा एखाद्या बाईला, पुष्कळदा ऐकावे लागते. जगात शंभरातल्या दोन ते चार जणांना हा आजार असतो, असा साधारण अंदाज आहे.

इतिहास थोडक्यात असा. 1904 मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी तंतुमय ऊतींना दाह होत असावा असे मानून ‘फायब्रोसायटिस’ हे नाव दिले. तो दाह काही सापडला नाही आणि 1976 पासून आजचे नाव रूढ होऊ लागले. 1990 च्या अमेरिकी निकषांत अंगावरचे 18 बिंदू चार किलोच्या दाबाने दाबून पाहत. त्यांपैकी 11 दुखले की निदान होई. 2010 मध्ये ही दाबादाबी मागे पडली. आता दुखणाऱ्या जागा, थकवा, झोप आणि तीन महिन्यांचा कालावधी पाहतात. थायरॉईड, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, आमवात यांचीही चाचपणी होते. इतिहास एवढा पुरे.

दुखणे खोटे नाही याचा चांगला पुरावा 2002 मध्ये रिचर्ड ग्रेसली आणि डॅनियल क्लॉ यांच्या गटाने दिला. अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्याच वेळी मेंदूचे एमआरआय चित्रण केले गेले. निरोगी माणसाच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे जागी व्हायला जेवढा दाब लागे, त्याच्या सुमारे निम्म्या दाबाला रुग्णांच्या मेंदूतील तीच केंद्रे जागी होत होती. बिघाड स्नायूत कमी आणि वेदनेचा निरोप हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत जास्त असतो. दाह कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या इथे फिक्या पडतात, त्या यामुळेच. अफूवर्गातील तीव्र वेदनाशामकेही उपयोगी ठरलेली नाहीत, शिवाय त्यांची सवय लागते ती वेगळीच.

या आजाराचा खरा विलक्षण भाग मात्र रात्री घडतो. टोरांटोचे हार्वे मोल्डोफ्स्की यांनी 1975 मध्ये रुग्णांच्या झोपेचे मेंदू-आलेख प्रसिद्ध केले. गाढ झोपेत मेंदूत संथ, मोठ्या डेल्टा लहरी उठतात. या रुग्णांत त्या लहरींवर अल्फा लहरी चढलेल्या दिसल्या, आणि अल्फा ही तर डोळे मिटून जागे असतानाची लहर. म्हणजे माणूस झोपलेला, पण मेंदूचा पहारा चालूच. मोल्डोफ्स्की तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत झोपवले आणि गाढ झोप लागू लागली की आवाज करून ती मोडली. विद्यार्थी पुरते जागे होत नसत, झोप फक्त उथळ होई. अशा तीन रात्रींनंतर त्या धडधाकट तरुणांचे अंग दुखू लागले आणि बिंदू दाबल्यावर कळ येऊ लागली. ज्यांची स्वप्नांची झोप मोडली, त्यांना तसे झाले नाही. अल्फाची ही घुसखोरी प्रत्येक रुग्णात दिसत नाही आणि इतर आजारांतही आढळते, हे पुढे कळले. तरीही, दुखते म्हणून झोप लागत नाही या घरोघरच्या समजुतीला या प्रयोगाने दुसरी बाजू दिली: झोप लागत नाही म्हणूनही दुखते.

नॉर्वेत 12,350 निरोगी स्त्रियांचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेतला गेला; निष्कर्ष 2012 मध्ये आले. ज्यांना सुरुवातीलाच वरचेवर झोपेचा त्रास होता, त्यांच्यात फायब्रोमायल्जियाचा धोका तिपटीहून अधिक निघाला.

मग गाढ झोप वाढवणारे औषध का देऊ नये? तेही करून झाले आहे. सोडियम ऑक्सिबेट रात्री निजताना आणि पुन्हा मध्यरात्री घेतल्यावर झोप सुधारली आणि दुखणेही कमी झाले. पण हा पदार्थ नशेसाठी आणि पेयात मिसळून बलात्कारासाठी वापरला गेलेला. 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फायब्रोमायल्जियासाठी परवानगी नाकारली. निर्णय समजण्यासारखा होता, रुग्णांच्या वाट्याला मात्र निराशाच आली.

आपल्याकडे झोपेसाठी अल्प्राझोलाम सहज सुरू होते. झोप लागते, पण या वर्गाची औषधे गाढ झोपेचा वाटाच कमी करतात आणि सवय लावतात. त्यापेक्षा रात्री अल्प मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगाबालिन अधिक समंजस. प्रीगाबालिनने गाढ झोप वाढते, मात्र चक्कर, वजनवाढ, पायांना सूज हे त्रासही होतात आणि ते एकाएकी बंद करायचे नसते. ड्युलोक्सेटिनचा झोपेपेक्षा वेदनेवर उपयोग. कोणतेही औषध सगळ्यांना लागू पडत नाही, आणि निवड डॉक्टरांचीच. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल तर आधी त्याची तपासणी हवी.

औषधाविना झोप बांधण्याची रीत कंटाळवाणी पण भरवशाची आहे. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवायची. अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप येईना तर उठून दुसरीकडे बसायचे. दुपारची लांब झोप टाळायची.

2017 च्या युरोपीय शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो एकट्या व्यायामाला. तीव्र दुखण्यात हा सल्ला क्रूर वाटतो, म्हणून सुरुवात पाच मिनिटांच्या चालण्याने किंवा कोमट पाण्यातल्या हालचालींनी करतात. बोस्टनच्या चेनचेन वांग यांच्या गटाने 2018 मध्ये 226 रुग्णांवरील चाचणीत ताई ची हा संथ चिनी व्यायाम एरोबिक व्यायामाइतकाच किंवा त्याहून उपयोगी असल्याचे दाखवले.

खरी कसोटी बऱ्या दिवसाची. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस अंग हलके वाटते, मग चकल्या, करंज्या, माळ्याची सफाई एकाच दिवशी उरकली जाते आणि पाडवा अंथरुणात जातो. काम दुखण्यावर नव्हे, घड्याळावर थांबवायचे: वीस मिनिटे काम, मग विसावा, बरे वाटत असले तरीही. ठणका वाढलेल्या दिवसांतही पूर्ण झोपून राहू नये. शेक, थोडी हालचाल आणि ठरलेली उठण्याची वेळ सांभाळावी.

निदान झाले म्हणजे पुढचे प्रत्येक दुखणे याच खात्यात टाकायचे असे नव्हे. सांध्याला सूज, ताप, वजन घटणे, हातापायांतली शक्ती जाणे किंवा अगदी नव्या तऱ्हेची वेदना दिसली तर तपासणी पुन्हा, पहिल्यापासून करून घ्यावी लागते.