ऊतिपेढी आणि रक्तकर्करोग संशोधन

ऊतिपेढी म्हणजे रुग्णांच्या संमतीने घेतलेले रक्त, अस्थिमज्जा, लसीकाग्रंथी इत्यादींचे नमुने वैद्यकीय नोंदींसह संशोधनासाठी जतन करणारी व्यवस्था होय. रक्तपेढीशी तिचे नामसाधर्म्य असले तरी कार्य भिन्न आहे. रक्तपेढीतील रक्त दुसऱ्या रुग्णाला दिले जाते. ऊतिपेढीतील नमुना मात्र अभ्यासासाठी वर्षानुवर्षे राखून ठेवतात. प्रत्यारोपणासाठी त्वचा किंवा अस्थी साठवणाऱ्या पेढ्यांचा येथे विचार केलेला नाही.

उपचारपूर्व नमुना

ल्युकेमिया, लिम्फोमा व मल्टिपल मायलोमा या रक्तकर्करोगांत उपचारांपूर्वीचा नमुना एकदाच मिळू शकतो. औषधाची पहिली मात्रा पोटात गेली की पेशींचे चित्र बदलू लागते. रोग पुढे उलटल्यास कोणत्या पेशी औषधाला पुरून उरल्या, हे शोधण्यासाठी तुलनेला तोच पहिला नमुना लागतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. नारायणगाव किंवा मंचर येथे साध्या रक्ततपासणीत संशय आला, तरी अस्थिमज्जेच्या विशेष तपासण्यांसाठी रुग्णाला बहुधा पुणे वा मुंबई गाठावी लागते. दरम्यान ताप किंवा गाठींसाठी स्टेरॉइड दिले गेल्यास लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या घटतात. त्यामुळे निदान लांबू शकते आणि नमुनाही पूर्ववत राहत नाही. गावाकडे ‘आधी ताप तर उतरू द्या’ असे सहज म्हटले जाते. या रोगात तो सल्ला महाग पडू शकतो.

काढलेला नमुना शक्यतो काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. तेथे एककेंद्रकी पेशी वेगळ्या करून, हिमस्फटिकांपासून रक्षण करणाऱ्या द्रावणात मिसळून, मिनिटाला सुमारे १ अंश सेल्सिअस या मंद गतीने गोठवतात व द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. द्रव नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश असते. अशा पेशी अनेक वर्षांनंतरही जिवंत करता येतात.

महाराष्ट्रातील संस्था

मुंबईतील परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय (स्थापना १९४१) आणि त्याच संस्थेचे खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र येथे रुग्णांचे नमुने संशोधनासाठी जतन केले जातात. पुण्यातील गणेशखिंड येथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे कार्य याला पूरक आहे. ऊती व पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून १९८६ मध्ये सुरू झालेले हे केंद्र देशभरातील प्रयोगशाळांना पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी, पुरवते. त्यांत के-५६२ आणि एचएल-६० हे रक्तकर्करोगाचे पेशीवंशही आहेत.

के-५६२ हा पेशीवंश क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या ५३ वर्षांच्या एका स्त्रीच्या पेशींपासून तयार झाला. त्याचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र पेशीवंश एकाच रुग्णाचा असतो आणि दीर्घकाळ वाढवताना बदलतो, म्हणून अनेक रुग्णांचे मूळ नमुनेही तपासावे लागतात. याच रोगावरील इमॅटिनिब या औषधाचा परिणाम १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पेशीवंशांबरोबरच रुग्णांच्या रक्त व अस्थिमज्जेतील पेशींवरही पडताळला गेला. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

एचएल-६० ची कथा नोंदींचे मोल दाखवते. हा पेशीवंश अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा आहे, असे प्रारंभी मानले जात होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत तो मायलॉइड ल्युकेमियाच्या दुसऱ्या उपप्रकाराचा ठरला.

संमती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांच्या साठवणुकीचा स्वतंत्र विचार आहे. दात्याला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन संमती घेणे आवश्यक असते आणि दात्याला ती मागेही घेता येते. नमुन्यावर सहसा नावाऐवजी संकेतांक असतो. नमुना देण्यास नकार दिल्याने रुग्णाच्या उपचारांत कोणताही फरक करता येत नाही.