मे महिन्यात मरते, डिसेंबरात कळते: थंडीत मीटरवर लागणारे दिवे आणि तुमचा धंदा



डिसेंबरची पहाट समजा. पाच वाजलेत. मोर्शीकडच्या बागेतले संत्र्याचे क्रेट रात्रीच पिकअपमध्ये भरून ठेवलेत आणि उजाडायच्या आत गाडी अमरावतीच्या मार्केटला लागली पाहिजे. तुम्ही चावी फिरवता. सेल्फ एकदा कण्हतो, दुसऱ्यांदा नुसता ‘टक’ आवाज येतो आणि मीटरवर लाल-पिवळे दिवे एकदम पेटतात. तेवढ्यात बागवाल्याचा फोन. “काऊन भाऊ, निघाला नाही का अजून?”

आता तुम्ही काय सांगणार? “गाडी सुरूच नाही होऊन राहिली राजेहो.” त्याला तुमच्या गाडीशी काही घेणं-देणं नसतं. तो दुसरा गाडीवाला पाहतो आणि पुढच्या खेपेला आधी त्यालाच फोन लावतो.

आपल्या वऱ्हाडात थंडीचे दिवस म्हणजे गाडीवाल्याच्या कमाईचे दिवस. अंबिया बहराची संत्री निघतात, कापूस जिनिंगला जातो, तूर यायला लागते, लग्नसराई असते. नेमक्या याच दिवसांत गाडी दगा देते. म्हणून ज्याला गाडीवर धंदा उभा करायचा आहे, त्याला मीटरवरचे दिवे वाचता आलेच पाहिजेत. त्यासाठी मेकॅनिक व्हायची गरज नाही.

थंडी गुन्हेगार नाही, साक्षीदार आहे

आधी एक गैरसमज काढून टाका. अकोला-अमरावतीची थंडी चांगली बॅटरी मारत नाही. आपल्याकडे पारा दहाच्या खाली गेला की पेपरात बातमी येते. चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटर उंचीवर, थोडा जास्त गारठा असतो. पण डिझेल गोठण्याचा प्रश्न लडाखचा. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्याला त्याची गरज नाही.

मग गाडी डिसेंबरातच का अडते? कारण बॅटरीचं नुकसान मे महिन्यात झालेलं असतं. अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीचं बोनेट तव्यासारखं तापतं. त्या उष्णतेनं बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या प्लेटा लवकर गंजतात. बॅटरी अर्धमेली होते, पण गरमीत इंजिन सहज फिरतं म्हणून ते कळत नाही.

थंडीत दोन गोष्टी एकदम होतात. गार बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे ती कमी ताकद देते. आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे सेल्फला जास्त ताकद लागते. एकीकडे आवक कमी, दुसरीकडे खर्च जास्त. दुकानाचंही असंच होतं ना? तेजीत झाकलेला तोटा मंदीत उघडा पडतो.

रंग आधी, चिन्ह नंतर

चावी ‘ऑन’ केली की बहुतेक दिवे दोन-तीन सेकंद लागतात. ही दिव्यांची हजेरी आहे. इंजिन सुरू झालं की ते विझले पाहिजेत. जो विझत नाही, किंवा चालता चालता लागतो, त्याच्याकडे बघायचं.

लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवा. निळा-हिरवा म्हणजे फक्त माहिती. चिन्ह ओळखता आलं नाही तरी एवढ्यावर अर्धा निर्णय होतो.

थंडीत हमखास भेटणारे दिवे

लाल बॅटरी. हा दिवा लागला की लोक सरळ नवी बॅटरी घेऊन येतात. इथंच पैसे वाया जातात. इंजिन चालू असताना हा दिवा लागला, तर त्याचा अर्थ बॅटरी चार्ज होत नाहीये. दोष अल्टरनेटरचा, ढिल्या किंवा झिजलेल्या बेल्टचा, नाहीतर टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीचा असू शकतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर बेल्ट ‘चीं’ आवाज करत असेल, तर आधी तो पाहा. रस्त्यात हा दिवा लागला तर एसी, टेप बंद करा आणि जवळचं गॅरेज गाठा. मात्र सोबत तापमानाचा काटाही चढत असेल, तर बेल्ट तुटलेला असू शकतो. अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. तेव्हा लगेच थांबा.

लाल ऑइलचा डबा. याच्याशी भाव करायचा नाही. चालत्या गाडीत हा दिवा लागला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पाचेक मिनिटांनी डिपस्टिकनं ऑइल पाहा. ऑइल कमी असेल तर भरा आणि पुन्हा सुरू करून बघा. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल, तर गाडी ओढून न्या. “पुढच्या गावापर्यंत जाऊ” म्हणणाऱ्याचं इंजिन जाम होतं. मग ओढून न्यायचा खर्च त्यापुढे काहीच वाटत नाही. कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा. ‘१५डब्ल्यू-४०’ मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. आपल्या थंडीसाठी मुद्दाम वेगळं ऑइल घ्यायची गरज नाही.

पिवळी गुंडाळी. डिझेल गाडीत स्प्रिंगसारखं चिन्ह दिसतं. ते हीटर प्लगचं, म्हणजे ग्लो प्लगचं. ते विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. चालवताना ते लुकलुकत राहिलं, तर प्लग किंवा इंजिन कंट्रोलमध्ये काहीतरी बिघडलंय. तपासून घ्या.

निळा थर्मामीटर. इंजिन अजून गार आहे, एवढंच तो सांगतो. थांबायची गरज नाही. पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चला, रेस करू नका. तोच दिवा लाल झाला तर मात्र इंजिन तापलंय. थांबा, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

पिवळा टायर. दुपारी ३२ अंशात ३३ पीएसआय हवा भरली आणि पहाटे पारा १० वर गेला, तर तीच हवा जवळपास ३० पीएसआय दाखवते. पंक्चर नसतानाही दाब उतरतो. आधीच हवा कमी असेल, तर पहाटे दिवा लागतो आणि ऊन चढलं की विझतो. तो विझला म्हणून सोडू नका. हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासा.

पिवळं इंजिन. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर एक-दोन दिवसांत स्कॅन करून घ्या. लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर इंजिन मिसफायर करतंय. वेग कमी करा, जास्त भार ओढू नका, सरळ गॅरेजला जा. तसंच चालवलं तर सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

सगळे दिवे एकदम. एबीएस, स्टेअरिंग, एअरबॅग, सगळंच पेटलं की माणूस घाबरतो. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं, तरी असं होतं. अशा वेळी आधी बॅटरी मोजा, बाकीचं नंतर.

एक मल्टिमीटर, तीन आकडे

दुकानात साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. तो घ्या. वहीत तीन आकडे लिहा.

पहिला: रात्रभर उभ्या गाडीचा, सकाळी चावी लावायच्या आधी. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे तळाला गेलेली.

दुसरा: सेल्फ मारताना. आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. आधी चार्ज करून पाहा. तरी तसंच असेल तर बदला.

तिसरा: इंजिन चालू असताना. बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान असतो. साडेबाराच्या आसपासच अडकला असेल तर दोष चार्जिंगचा आहे, बॅटरीचा नाही.

तीन आकडे हातात असले की ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर तुम्ही अंदाजानं बोलत नाही. नको ती वस्तू गळ्यात पडत नाही.

आणि पाण्याचं पथ्य पाळा. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर जास्तच. बोअरचं पाणी बॅटरीत किंवा रेडिएटरमध्ये घालू नका. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात, रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, रेडिएटरमध्ये कंपनीनं सांगितलेलं कूलंट. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

रस्त्यात अडलात तर

अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ सगळ्यांना माहीत आहे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. रस्ता चांगला झाला म्हणून वाहनं वेगानं येतात. पहाटे धुकं असलं तर मागच्याला तुमची उभी गाडी दिसत नाही. म्हणून बाजूला घेतल्याबरोबर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोणी रिफ्लेक्टर मागे बऱ्याच अंतरावर ठेवा आणि स्वतः रस्त्यापासून दूर उभे राहा.

जंपर केबल गाडीत असू द्या. क्रम पाठ करा: लाल केबल आधी आपल्या बंद बॅटरीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी केबल चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम. धक्का मारून सुरू करायचे दिवस आता संपत आलेत. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंपाला आणि कंट्रोल युनिटला वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली तर धक्क्यानं काही होत नाही.

जुनी गाडी घेताय? मग पहाटे जा

पहिली गाडी बहुतेकांची सेकंडहॅंडच असते. मालकाला आधीच सांगा, “मी सकाळी सहाला येतो, माझ्या आधी गाडी सुरू करू नका.” पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर समजा की काहीतरी लपवलंय. मग चावी ऑन करून दिव्यांची हजेरी घ्या. एखादा दिवा लागतच नसेल, विशेषतः ऑइलचा किंवा इंजिनचा, तर तो गाडी चांगली असल्यानं विझलेला नसतो. बल्ब तरी गेलेला असतो, नाहीतर कुणी काढलेला असतो. ही पाच मिनिटं तुमचं भांडवल वाचवतात.

हिशोबाच्या वहीत दिव्यांचं पान

आता धंद्याचं बोलू. धरून चाला, एक खेप हुकली आणि २५०० रुपये गेले. त्यात पर्यायी गाडीचं भाडं, उतरलेल्या मालाचा भाव आणि तुटलेलं गिऱ्हाईक धरा. या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे टाका. वेळेत बदललेली बॅटरी महाग की हुकलेली खेप, हे कागदावर लगेच दिसतं.

म्हणून किलोमीटरमागे एक रुपया बाजूला टाकायची सवय लावा. रोज १०० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले तर २५०० रुपये जमतात. तो पैसा घरखर्चाचा नाही, गाडीचा आहे. वहीत एक पान दिव्यांसाठी ठेवा: तारीख, कोणता दिवा, काय निघालं, किती लागले. तोच दिवा तिसऱ्यांदा लागला तर दुरुस्ती वरवरची झाली होती, हे वहीच सांगते. स्कॅनरनं कोड पुसून दिवा घालवणं म्हणजे उधारीची वही फाडून उधारी फिटली म्हणण्यासारखं आहे.

ज्यांच्याकडे गाडी नाही पण हात चालतो, त्यांच्यासाठी यातच एक काम दडलंय. मल्टिमीटर, हायड्रोमीटर, हवेचा गेज, जंपर केबल आणि बरा स्कॅनर एवढ्यावर ‘थंडीपूर्व तपासणी’ सुरू करता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टॅक्सी स्टँडवर, जिनिंगच्या बाहेर, दूधवाल्यांकडे जा. आकडे छापील चिठ्ठीवर लिहून द्या. बॅटरी चांगली असेल तर “चांगली आहे, बदलू नका” असंही लिहा. त्या एका वाक्यावर वर्षभराचं गिऱ्हाईक टिकतं. जुनी बॅटरी मात्र अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांचा तोच रस्ता आहे, आणि शिसं-आम्ल उघड्यावर सांडणं कुणाच्याच हिताचं नाही.

आज रात्री एवढंच करा. गाडी लावल्यावर घड्याळ पाहा, आणि उद्या सकाळी चावी लावायच्या आधी बॅटरीचा पहिला आकडा वहीत लिहा. १२.४ च्या खाली असेल तर उद्याच्या उद्या इलेक्ट्रिशियन गाठा. संत्र्याची खेप परवा आहे.